गिऱ्हाईक

भुईमुगाला कन्नडमध्ये कडलेकायि म्हणतात. कडले म्हणजे हरभरा आणि कायि म्हणजे शेंग किंवा कच्चं फळ. दक्षिण अमेरिकेतलं हे पीक जहाजांतून आपल्याकडे उतरलं, तेव्हा इथल्या प्रत्येक भाषेने त्याला आपल्या घरातल्या जुन्या कडधान्याचं नाव देऊन टाकलं. मराठीला, गुजरातीला, हिंदीला त्यात मूग दिसला: भुईमूग, मगफळी, मूंगफली. तमिळ, तेलुगू, कन्नडला हरभरा दिसला: निलक्कडलै, वेरुशनग, कडलेकायि. बंगाल्यांना तो चिनी बदाम वाटला. धारवाड-हुबळीकडची कन्नड माणसं मात्र सरळ ‘शेंगा’ म्हणतात, आपल्यासारखीच, जणू जगात दुसऱ्या कशाला शेंगा येतच नाहीत. पोट भाषांतरावर असल्यामुळे मला अशा याद्या करायची खोड आहे. परक्या वस्तूला घरात घेताना भाषा आधी तिला एखादं नातं लावते आणि मगच ताटात वाढते, एवढं त्यातून कळतं.

या कडलेकायिची बंगळुरात जत्रा भरते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, बसवनगुडीत, दोड्ड बसवण्णाच्या म्हणजे मोठ्या नंदीच्या देवळाबाहेर. तिचं नाव कडलेकायि परिषे. परिषे हा शब्द आपल्या ‘परिषदे’चाच. आपण तो एसी सभागृह, बिल्ले आणि चहापानाच्या वेळा यांच्यात नेऊन ठेवला. कन्नडने तो रस्त्यावर शेंगांच्या ढिगापाशी राहू दिला. माझ्या एम.ए.च्या काळात तौलनिक साहित्याच्या ज्या परिषदांना मी बसले, त्यांतल्या बऱ्याच जणींपेक्षा ही परिषद अधिक फलदायी आहे असं मी जबाबदारीने सांगते.

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला लागून मला चौदा वर्षं झाली, पण परिषेला मी पहिल्यांदा गेले ती 2025च्या नोव्हेंबरात, सतरा तारखेला. त्याआधी दर वर्षी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो बघायचा आणि हळहळायचं. अंतर काही फार नाही, पण मध्ये सिल्क बोर्डाचा चौक आहे. त्या चौकाबद्दल बंगळुरात इतके विनोद आहेत की त्यात माझी भर नको. 10 ऑगस्ट 2025ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली: बोम्मसंद्र ते आर. व्ही. रोड, एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानकं. आर. व्ही. रोडला हिरव्या मार्गिकेत बदलायचं आणि नॅशनल कॉलेजला उतरून चालत जायचं. जे शहर आम्हाला पेपरातून कळत होतं, ते आता पायाखाली आलं.

परिषेची गोष्ट सगळे सांगतात ती अशी: सुंकेनहळ्ळी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांचं भुईमुगाचं पीक रोज रात्री एक बैल खाऊन जायचा. त्याचा पाठलाग केला तर तो टेकडीवर दगड होऊन बसलेला. मग शेतकऱ्यांनी ठरवलं की पहिलं पीक त्यालाच द्यायचं. केंपेगौडाने 1537 साली देऊळ बांधलं असं म्हणतात. 1537 साल आणि दक्षिण अमेरिकेचा भुईमूग यांचा मेळ घालायचा प्रयत्न मी मनातल्या मनात करत होते, तेवढ्यात एका पोराने माझ्या हातावर भाजलेल्या चार शेंगा ठेवल्या. गरम होत्या. इतिहास तिथेच थांबला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढीग. कच्च्या, उकडलेल्या, भाजलेल्या. एक दाण्याच्या फुगीर, तीन दाण्यांच्या लांबट. कोलार, चिंतामणी, मागडीकडून आलेली माणसं, काही तमिळनाडूतली, काही आंध्रातली. ढिगाशी बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. पुष्कळजण घाऊक माल उचलून आलेले व्यापारी असतात आणि ते लपवतही नाहीत. मोजायला सेर, म्हणजे तसल्या मापाचा डबा. माप भरल्यावर वरती आणखी एक ओंजळ पडते, ती हिशेबात नसते. प्लास्टिकची पिशवी नको म्हणून फलक होते, तरी अर्ध्या गर्दीच्या हातात प्लास्टिकच होतं. मी कापडी पिशवी नेली होती आणि ती खांद्याला लावून उगीचच ताठ चालत होते.

या परिषेबद्दल मी सोसायटीच्या कट्ट्यावर बोलले, त्यातून माझ्या गळ्यात एक काम पडलं. आमच्या सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी समिती एक पत्रक काढणार होती: आसपासचे हंगामी उत्सव, जवळच्या सहली आणि ‘सपोर्ट’ करण्याजोगे छोटे व्यवसाय. मूळ मजकूर इंग्रजीत, मग कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू, बांगला आणि मराठी. मजकूर जमवायचा मी आणि आणखी दोघींनी. मराठी अर्थातच मी करायचं. बिनपैशाचं काम आणि भाषांतरकाराला ते नवीन नसतं.

मी अडकले त्या ‘सपोर्ट’पाशी. पाठिंबा उमेदवाराला देतात किंवा संपाला. आधार वेलीला, म्हाताऱ्या माणसाला. आणि आता तर तो शब्द कार्डावरच जाऊन बसलाय. आश्रय राजा कवीला देतो. प्रोत्साहन म्हटलं की बक्षीस समारंभातला तिसरा क्रमांक. हातभार त्यातल्या त्यात बरा, पण हातभार लावणारा मनातून आपण वर उभे आहोत असंच समजतो. रस्त्याच्या कडेला फुलं विकणाऱ्या बाईला मी नेमकं काय देते? पैसे देते आणि फुलं घेते. मला फुलं हवी असतात. यात उपकार कुठून आला?

मराठीत याला जुना, रुळलेला शब्द आहे: गिऱ्हाईक. आणि रोजच्या बांधलेल्या देण्याघेण्याला रतीब. दुधाचा रतीब, फुलपुडीचा रतीब. रतीब लावला की दोन्ही बाजू बांधल्या जातात. तिला यावंच लागतं आणि तुम्हाला घ्यावंच लागतं. गावाला जायचं असेल तर आधी सांगावं लागतं. बंगळुरातल्या जुन्या घरांत याला ‘वर्तने’ म्हणतात: वर्तने हालु, वर्तने हूवु, म्हणजे रतिबाचं दूध, रतिबाची फुलं. आपल्याकडे वर्तन शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतं, ‘चांगले’ असा शेरा मारून. दारावर रोज येणारी फूलवाली आणि प्रगतिपुस्तकातला शेरा एकाच शब्दातून निघाले आहेत हे कळल्यावर मी त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. पत्रकाच्या मराठी मथळ्यात मी लिहिलं: ‘ज्यांचं गिऱ्हाईक व्हावं असे व्यवसाय’. समितीने विचारलं, थोडं हलकं नाही का वाटत? मी म्हटलं, नाही.

यादीतल्या बऱ्याच नोंदी आपोआप लिहून झाल्या. लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सुमाराचं. शनिवार-रविवारी जाऊ नये. चित्रकला परिषत्तेची चित्र संते, 2003पासून दर जानेवारीत एक रविवार, सबंध कुमार कृपा रस्ता चित्रांनी भरलेला. संते म्हणजे आपला आठवडी बाजार. आनेकलच्या पुढे मुत्याल मडुवू, पावसाळा सोडून गेलात तर धबधबा शोधत बसाल. मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर देऊळ. त्याला व्यंकोजींनी, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, गाव दान दिल्याचा 1669चा कन्नड शिलालेख आहे. इथे आमच्या मराठी मंडळींची छाती फुगते, म्हणून मी वाक्य मुद्दाम आखूड ठेवलं. व्यंकोजींनी या शहरात लेख कोरायचा तर कन्नडमध्ये कोरला, एवढं वाचणाऱ्याला कळलं तरी पुरे.

आंब्यांवरून थोडं वाजलं. दर एप्रिलात सोसायटीतल्या मराठी गटात देवगडच्या पेट्यांची नोंदणी होते, आणि गेटबाहेर गाडीवर रामनगरचा आंबा पिकत पडलेला असतो. तो आंबा म्हणजे आपला हापूसच, इथे त्याचं नाव बादामी. देवगडचा तो देवगडचा, यात वाद नाही. कोकणातली असून मी तसं म्हटलं तर पेणला मला दारात उभं करणार नाहीत. पण जो आंबा पेटीतून आला की हापूस असतो, तो गाडीवर ‘लोकल’ कसा होतो? शिवाय इथला रसपुरी आमरसाला जो लागतो तो लागतो. गाडीवाला सिंगेन अग्रहारच्या घाऊक फळबाजारातून पहाटे माल आणतो. तो बाजार आमच्या सोसायटीपासून काहीच अंतरावर नाही, आणि तिथे गेलेले आमच्यातले किती, ते मी विचारून पाहिलं. दोन. त्यांतली एक मी.

हुस्कूरची जत्रा यादीत घ्यायची की नाही यावर समितीची एक बैठक खर्ची पडली. इलेक्ट्रॉनिक सिटीची खरी स्थानिक जत्रा हीच: मद्दूरम्मा देवीची, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्च-एप्रिलमध्ये. आसपासची गावं आपापला रथ बांधतात, शंभर फुटांहून उंच, आणि बैलांनी, आता ट्रॅक्टरांनीही, ओढत हुस्कूरला आणतात. ज्या शेतांतून हे रथ यायचे, त्यांतल्या कित्येकांवर आता आम्ही राहतो. 1978 साली केऑनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या 332 एकरांवर ही वसाहत आखली; पुढे कंपन्या आल्या, 2010मध्ये उड्डाणपूल आला आणि गावं पुलाखाली गेली. पुलावरून जाणाऱ्याला गाव दिसत नाही. जत्रेच्या दिवशी मात्र रथाचं टोक पुलाच्या उंचीच्याही वर असतं. पण 2024मध्ये एक रथ कोसळला, आणि मार्च 2025मध्ये वादळी वाऱ्यापावसात रथ कोसळून माणसं मेली. ‘कुटुंबासह आनंद लुटा’ असं त्या खाली कोणी लिहायचं? काहींचं म्हणणं, नोंदच नको. माझं म्हणणं, शेजारच्या घरातलं मोठं कार्य आणि मोठं दुःख, दोन्ही शेजाऱ्याला ठाऊक असावं. शेवटी नोंद राहिली. मराठीत मी लिहिलं: ‘रथ दुरून पाहावा. गेल्या दोन्ही वर्षी अपघात झाले आहेत. देवळाभोवतीच्या दुकानांत जावं, घाईने परतू नये.’

खरी अडचण अवऱ्याची झाली.

अवरेकायि म्हणजे आपला पावटा, वाल, त्याच कुळातला. आनेकलकडे नाचणीच्या शेतात मध्येमध्ये अवऱ्याच्या ओळी घालायची जुनी रीत आहे. नाचणी कापून झाली की शेतात अवरे उभा राहतो. डिसेंबरात दव पडायला लागलं की शेंगेवर एक चिकटसर वास धरतो. त्याला ‘सोगडु’ म्हणतात. दवाशिवाय तो येत नाही आणि हात धुऊन जात नाही. या वासाला मराठीत शब्द नाही. मी बरीच वर्षं शोधतेय. ‘दरवळ’ म्हणावं तर तो फुलांचा. ‘उग्र’ म्हणावं तर नाक मुरडल्यासारखं होतं. रायगडात जानेवारीत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात कोंडून पोपटी लावतात, त्या मडक्याचं तोंड उघडल्यावर जे येतं त्याच्या जवळपासचं हे काहीतरी आहे. मराठी पत्रकात मी ‘सोगडु’ तसाच ठेवला.

शहरात अवऱ्याचा मोठा मेळा भरतो. व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत सुरू झाला, गर्दी मावेना म्हणून नॅशनल कॉलेजच्या मैदानावर गेला. अवऱ्याचा डोसा, अवऱ्याची पुरणपोळी, अवऱ्याची जिलबीसुद्धा. जिलबी एकदा खावी. ती नोंद सगळ्यांना पटली. पण आमच्या दोन नंबरच्या गेटसमोर, सेवा रस्त्याच्या कडेला, डिसेंबर ते जानेवारीअखेर एक बाई सकाळी पोतं पसरून बसते. तिच्याकडे शेंगा असतात आणि सोललेला दाणाही: भिजवून, चिमटीत दाबून, साल काढून मोकळा केलेला. त्याला इथे ‘हितकिद बेळे’ म्हणतात, दाबून काढलेली डाळ. मी पहिल्यांदा तो पाटीतला ढीग पाहिला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने ‘डाळिंब्या!’ असं निघालं होतं. आईची बोटं आठवली: वाल भिजवून, मोड आणून, परातीभोवती आम्हा सगळ्यांना बसवून चिमटीतून टपाटप दाणे सोडायचे. नखं काळी व्हायची. डाळिंब्यांची उसळ ज्याने सोललेली नाही तो तिची किंमत करू शकत नाही. ही बाई रोज चार-पाच शेर सोलून आणते, आणि मागचा हिशेब केला तर तिचे हात पहाटे तीनपासून पाण्यात असावेत.

मी तिची नोंद लिहिली. समितीने काढून टाकली. कारणं वाईट हेतूची नव्हती. दुकानाचं नाव नाही. पत्ता नाही. उद्या ती तिथे नसली तर लोक आम्हाला विचारतील. आणि मुख्य म्हणजे गेटवर आपलीच पाटी आहे: फेरीवाल्यांना प्रवेश बंद, गेटजवळ थांबू देऊ नये. एकाच सोसायटीच्या दोन कागदांत विसंगती नको. मी म्हटलं, पाटी आतल्या जागेची आहे, ती बाई बाहेर सरकारी रस्त्यावर बसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा 2014 सालचा आहे. कायद्याचं नाव निघालं की बैठकीतला चहा गार होतो. एकाने समजुतीने सांगितलं, ‘मॅडम, भावना समजते, पण अवरे ॲपवरही मिळतो, दहा मिनिटांत, सोललेला.’ मिळतो खरा. फ्रीजमधला, बंद पिशवीतला. सोगडु नसतो.

पत्रक छापायला गेलं. इंग्रजीत नोंद नाही, कन्नडमध्ये नाही, हिंदीत नाही. मराठीत आहे. समितीत मराठी वाचणारं कुणी नाही, आणि शेवटचं मराठी मुद्रित माझ्याकडेच आलं होतं. नोंद अशी: ‘अवरे आणि सोललेल्या डाळिंब्या. दोन नंबरच्या गेटसमोर, चिंचेच्या झाडाखाली. डिसेंबर ते जानेवारीअखेर. सकाळी नऊच्या आत. बाईंना अक्का म्हणावं. पिशवी आणि सुटे पैसे न्यावेत. ‘एष्टु?’ म्हणजे कितीला.’ भाषांतरकाराने मुळात नसलेलं घालू नये हे मी दोन कार्यशाळांत शिकवलेलं आहे. पण मूळ माझंच होतं, कापलं त्यांनी, आणि मी मुळाशी प्रामाणिक राहिले.

आमच्या सोसायटीत मराठी घरं वीस-बावीस असतील. कोणी पत्रक वाचेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मराठी माणूस फुकटचं मराठी वाचत नाही. पण दहा-बारा दिवसांनी मी शेंगा घ्यायला गेले तर अक्का म्हणाली, ‘अम्मा, हे तुमच्याकडचे लोक कोण? आता रोज कुणी ना कुणी येतं. एष्टु म्हणतात आणि मी आकडा सांगितला की कळत नाही.’ ती हसत होती. मी म्हटलं, मराठी. ती म्हणाली, ‘असेल. सोललेलंच मागतात. आणि बघून एकच शब्द म्हणतात, काय तो...’ तिने आठवून सांगितला: ‘दाळंबी.’

तिने शब्द आपल्या तोंडात बसवून घेतला होता. व्यापाराचं भाषांतर हे असं होतं, दोन्हीकडून एकेक शब्द सरकून. गेल्या दोन-तीन वर्षांत या शहरात कुणी कुठली भाषा बोलावी यावरून रिक्षात, दुकानात, बँकेत जे आवाज चढतात ते आपण सगळे मोबाईलवर बघतो. कन्नड यायला हवं, यात मला शंका नाही. जिथलं पाणी पितो तिथली भाषा येऊ नये याचं समर्थन मी कधी करणार नाही. पण ती धाकाने आलेली मी पाहिली नाही. मला कन्नड आलं ते भाजीवाल्यांकडून, आकड्यांपासून सुरू होऊन. संक्रांतीला इथे एळ्ळु-बेल्ल वाटतात: तीळ, गूळ, सुकं खोबरं, दाणे, डाळं. म्हणायचं ते जवळजवळ आपलंच: एळ्ळु-बेल्ल खा आणि ‘ओळ्ळे’ बोला. आपण मागतो गोड. कन्नड मागतं चांगलं. गोड बोलणं सोपं असतं. माझी तिळगुळाची वाटी घेऊन मी अक्काकडे गेले तेव्हा तिने आपल्या पुडीतून मला दिलं आणि वर ठणकावून सांगितलं की माझ्या मागच्या खेपेच्या शेंगा मी शिळ्या करून वाया घालवल्या असणार, कारण रविवारी घेऊन बुधवारी सोलते म्हणाले होते. हे ओळ्ळे.

संक्रांतीनंतर दव कमी होतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वास उतरलेला होता. अक्काने स्वतःच सांगितलं, आता नुसता दाणा आहे, सोगडु गेला. भाव उतरवला. पुढच्या महिन्यात नवी चिंच आणेन म्हणाली. कुठे बसशील, मी विचारलं, कारण गेटवरच्या रखवालदाराला तिला उठवायला सांगितलंय असं कानावर आलं होतं. तिने हाताने रस्त्याची लांबी दाखवली, इथून तिथपर्यंत कुठेही, असं. मग शेर भरून, वर ओंजळ टाकून मला म्हणाली, ‘ती नाकात चमकी घालते ना, तुमच्या इमारतीतली आजी, तिने शेवटचा सोललेला राखून ठेव म्हटलं होतं. ठेवलाय. तिला सांग, नऊच्या आत ये म्हणावं, नाहीतर मी दुसऱ्याला देणार.’

मी घरी येऊन आजींना फोन केला. फोन त्यांच्या सुनेने उचलला. आजी पिशवी घेऊन केव्हाच खाली गेल्या होत्या.